लिहिले दहा, वाचले आठ

गेल्या आषाढातल्या एका सकाळी, राजगडाच्या पद्मावती आणि सुवेळा या दोन्ही माच्या ढगाआड गडप झालेल्या असताना, खाली गुंजवणी तांबड्या पाण्याने भरून चाललेली असताना, आणि मार्गासनीकडून येणारी एस.टी. आज येईल की नाही याविषयी ओसरीवरच्या प्रत्येकाचे स्वतंत्र मत असताना, माझा पुतण्या मांडीवर लॅपटॉप घेऊन आमच्या भावकीतल्या जमिनींची एक यादी तयार करीत बसला होता. पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेला हा मुलगा दोन दिवसांसाठी गुंजवण्याला आला होता, आणि त्या दोन दिवसांत मी त्याच्या गळ्यात ही कामगिरी घातली होती. यादीचा आधार होती माझी हस्तलिखित वही. आणि त्या वहीत, हिशेबखात्यात उभी हयात गेलेल्या माणसाच्या हाताला जडलेल्या शिरस्त्याप्रमाणे, प्रत्येक गट क्रमांक तीन अंकी लिहिलेला होता: ००७, ००८, ०१०, ०१८, ०२२. अंकाच्या आधी मोकळी जागा सोडू नये, सोडल्यास तिथे कोणीही मागाहून अंक दडपतो, हे आम्हांला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकविले जात असे. (या लेखात सर्वच अंक देवनागरीत छापले आहेत, यंत्रापुढे ते अर्थातच इंग्रजी वळणाचे होते.)

दुपारपर्यंत यादी झाली आणि ती चुकीची निघाली. आठ क्रमांकाचा गट दोनदा आलेला, अठराचाही दोनदा, आणि दहा व बावीस हे गट यादीतून बेपत्ता. पुतण्याने प्रोग्राम मध्येच थांबविला, डीबगर उघडला, आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, “काका, तुम्हीच वहीत आठ दोनदा लिहिला असणार. हे बघा, इथं आठच दिसतोय.” मी वही पुढे केली. वहीत ०१० होते. त्याने आपला प्रोग्राम उघडून दाखविला. त्यातही त्याने इमानेइतबारे ०१० हेच उतरविले होते. लिहिणारा चुकला नव्हता, उतरविणाराही चुकला नव्हता. तरीही ज्या साधनाच्या साक्षीवर आम्ही दोघे विसंबलो होतो ते साधन शांतपणे आठ असे सांगत होते, आणि आपण काय वाचून आठवर आलो याचा खुलासा त्याने केला नव्हता. चूक हाती यायला संध्याकाळ झाली. ती इतकी क्षुल्लक, आणि तरीही इतकी मूलगामी, होती की तिच्याविषयी सर्वसाधारण वाचकापुढे चार शब्द मांडावेत असे मला त्याच वेळी वाटले.

प्रोग्राममध्ये संख्या जशीच्या तशी अंकांत लिहून दिलेली असते, तिला त्या शास्त्रात लिटरल म्हणतात. आपण तिला लिखित संख्या म्हणू. डीबगर म्हणजे चालता प्रोग्राम अध्येमध्ये अडवून त्याच्या पोटात कोणत्या नावाखाली कोणती किंमत आहे ते दाखविणारे साधन. दिवाणजीला अर्ध्या हिशेबात थांबवून रोजकीर्द दाखव म्हणावे, तसला हा प्रकार. पुतण्याने वापरलेली भाषा जावास्क्रिप्ट होती, आणि तिच्या जुन्या, सैल पद्धतीत शून्याने सुरू होणारी संख्या दशमान धरली जात नाही, अष्टमान धरली जाते. म्हणजे ०१० मधला एक हा दशकाचा नसून अष्टकाचा, आणि एकूण किंमत आठ. मात्र त्याच संख्येत आठ किंवा नऊ हा अंक आला, तर अष्टमानात हे अंकच नसल्यामुळे, भाषा आपला विचार गुपचूप बदलते आणि संख्या दशमान समजते. त्यामुळे ००८ म्हणजे आठ आणि ०१० म्हणजेही आठ. ०१८ म्हणजे अठरा आणि ०२२ म्हणजेही अठरा. एकाच पानावर, एकाच वळणात लिहिलेल्या पाच संख्यांपैकी तीन एका कायद्याने वाचल्या गेल्या आणि दोन दुसऱ्या, आणि कोणती कोणत्या ते केवळ अंकांच्या चेहऱ्यावर ठरले.

हा आगाऊ शून्याचा वारसा जावास्क्रिप्टचा स्वतःचा नव्हे. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी ‘बी’ नावाची भाषा रचली, त्या काळी त्यांच्यापुढे असलेल्या पीडीपी-७ या यंत्राचा शब्द अठरा बिटांचा होता. अठराचे तीन तीन बिटांचे सहा गट सरळ पडतात आणि तीन बिटांत शून्य ते सात हे अंक बसतात, म्हणून अष्टमान लिहिणे तिथे सोयीचे होते, आणि त्याची खूण म्हणून आधी एक शून्य ठेवणे हे अत्यंत काटकसरीचे होते. ‘बी’कडून ही वहिवाट ‘सी’कडे आली, ‘सी’कडून जावा, पीएचपी आणि इतर अनेक भाषांकडे, आणि अठरा बिटांचे यंत्र संग्रहालयात गेल्यावरही त्याच्या सोयीसाठी मान्य झालेली खूण कायम राहिली. १९७८ साली ‘सी’वरचा जो प्रमाणग्रंथ निघाला त्यात तर अष्टमान संख्येत आठ आणि नऊ हे अंकही चालवून घेतले होते. इनाम देणारे राज्य बुडाले तरी इनामदाराची सनद पिढ्यान्‌पिढ्या रुजू होत राहावी, तशातला हा भाग.

परंतु माझी तक्रार शून्याविषयी नाही. लिहिण्याच्या पद्धती अनेक असणारच. त्या आमच्या या मावळातही होत्या, आणि थोड्याथोडक्या नव्हत्या. गुंजवण्याहून फार लांब नसलेल्या, भोर तालुक्यातल्या रांझे गावच्या पाटलाच्या प्रकरणातले शिवाजी महाराजांचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. त्या काळच्या दफ्तरात वर्ष बहुधा शुहूर सनाने, आणि तेही अंकांत नव्हे तर अरबी शब्दांत लिहीत. वरील दिवशी चालू असलेले वर्ष होते १०४६, म्हणजे दफ्तरी भाषेत सीत अर्बैन अलफ: सहा, चाळीस आणि हजार. त्यात ५९९ किंवा, जानेवारी ते मे या महिन्यांत, ६०० मिळविले की इसवी सन येतो. आता हेच १०४६ एखाद्याने हिजरी सन समजून वाचले तर तो १६३६ सालच्या जूनपासून सुरू होणाऱ्या वर्षात जाऊन पोहोचेल, आणि एक निवाडा जवळजवळ नऊ वर्षे मागे ढकलला जाईल. अंक तेच, बेरीज बरोबर, आणि इतिहास चुकलेला! म्हणून जुन्या कागदाचा जाणता संपादक काय करतो? तो मूळ शब्द जसेच्या तसे छापतो, त्याखाली आपण तो कोणता सन समजलो ते नोंदवितो, आणि मग इसवी तारीख देतो. तीन गोष्टी: लिहिलेले, समजलेले, आणि आलेले उत्तर. डीबगर यांपैकी फक्त तिसरी सांगतो. माझी तक्रार आहे ती एवढीच.

शुहूर सनाच्या त्या शब्दमालिकेत आणखी एक गंमत आहे. तिच्यात एकं आधी येते, मग दहं, मग शतं, आणि सहस्र सर्वांत शेवटी. संस्कृत ज्योतिषीही अंकांची गती डावीकडे असते असे म्हणत आणि शब्दांनी संख्या सांगताना एकंपासूनच सुरुवात करीत. आजची बहुतेक यंत्रे स्मृतीत संख्या साठविताना नेमके हेच करतात: संख्येचा सर्वांत हलका बाइट आधी, सर्वांत भारी बाइट शेवटी. म्हणून एखाद्या नवख्या मुलाने डीबगरमध्ये स्मृतीचा कच्चा उतारा पाहिला की त्याला आपली संख्या उलट्या क्रमाने लिहिलेली दिसते आणि तो घाबरतो. कोणत्या टोकाकडून आरंभ करावा या वादाला डॅनी कोहेन यांनी १९८० साली, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून झगडणाऱ्या गलिव्हरच्या लिलिपुटी पंथांची नावे दिली, आणि ती त्या शास्त्रात कायम झाली. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ म्हणण्याचा पर्याय आला, तेव्हा जो गदारोळ झाला तोही, पाहू गेल्यास, ह्याच टोकांचा होता. आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर मुलांच्या अडचणीविषयी जे समजावून सांगत होत्या ते ऐकून घेण्याची सवड फार थोड्यांना होती. पंचवीस उच्चारताना पाच आधी आणि लिहिताना दोन आधी, हा उलटसुलट व्यवहार आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की दुसऱ्या कोणाला तो जड जाईल हे आपल्या ध्यानातच येत नाही. ‘एकोणतीस’ हा शब्द तर वजाबाकीच आहे.

पण सन आणि बाइट यांच्यापेक्षा आमच्या खोऱ्यात माणसाच्या पोटाशी भिडणारी संख्या म्हणजे जमिनीचे क्षेत्र, आणि लिखित संख्येचा खरा घात जर कुठे होत असेल तर तो इथे होतो. इंग्रजी मोजणीने तेहतीस फुटी साखळी आणली. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. सोळा आण्यांचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याच्याही आधी पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर असे कोष्टक होते. पुढे हेक्टर आणि आर आले. पण सातबाऱ्यावर हेक्टर-आर छापलेले असले तरी वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, कोणत्याही ओसरीवर जमीन आजही एकर-गुंठ्यांतच बोलली जाते, आणि चिठ्ठीचपाटीवर ती लिहिली जाते अशी: १.२०. याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. त्या टिंबाच्या उजवीकडचा संसार चाळिसाचा आहे, शंभराचा नाही. हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, वाचणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच कोणी ते लिहून ठेवीत नाही.

आता ही चिठ्ठी यंत्रापुढे आली. यंत्राने टिंब पाहिले, त्याला दशांशचिन्ह मानले, आणि १.२० एकर म्हणजे एक एकर आठ गुंठे असे क्षेत्र आपल्या पोटात ठेवले. बारा गुंठे तिथेच गेले. भाताच्या खाचरांच्या या मुलखात बारा गुंठे म्हणजे १३०६८ चौरस फूट, म्हणजे एखाद्या घराचे वर्षाचे तांदूळ. पण प्रकरण इथे थांबत नाही. हीच किंमत पडद्यावर दाखविताना यंत्र शेवटचे शून्य निरर्थक समजून गाळते आणि १.२ असे दाखविते. गावातला माणूस ते आपल्या रिवाजाने वाचतो: एक एकर दोन गुंठे. म्हणजे अठरा गुंठे गेले. बारा वाचताना आणि उरलेले सहा दाखविताना. दोन्ही वेळा कोणी खोटे बोलले नाही, दोन्ही वेळा पडद्यावर तांबडे अक्षर उमटले नाही, आणि दोन्ही वेळा ज्याने चौकशीसाठी प्रोग्राम थांबविला त्याला एक स्वच्छ, निर्मळ, आत्मविश्वासाने भरलेला आकडा दिसला. मला विचाराल तर यांपैकी दुसरा अपराध अधिक मोठा. चुकीचे वाचणे अज्ञानातून घडते; पण शेवटचे शून्य गाळणे म्हणजे साक्षीदाराने कागदावर खाडाखोड करणे, कारण पुढे चूक शोधायला येणाऱ्या माणसाला जो एकमेव धागा सापडला असता, तोच त्याने तोडून टाकला.

हेक्टर-आरने हा घोळ मिटला असे म्हणावे, तर सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन घरांत, मध्ये दोन टिंबे घालून छापले जाते: ०.४०.००. दोन टिंबांची संख्या प्रोग्रामच्या कोणत्याही रूढ भाषेत संख्या म्हणून चालत नाही. भाषा अडते, तक्रार करते, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला तीन घरे वेगळी करावीच लागतात. हा अडथळा मला फार उपकारक वाटतो. एका टिंबाची चिठ्ठी हसतमुखाने आत घेतली जाते आणि तिचा घात होतो. दोन टिंबांची दारातच अडविली जाते, म्हणून सुखरूप राहते.

आणि खुद्द ‘सातबारा’ या शब्दाचे काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड म्हणून तिरकी रेघ घालून लिहिलेले ७/१२ आपण कोष्टकाच्या प्रोग्राममध्ये टाकले तर ते सात डिसेंबर होते, आणि संगणक अमेरिकी रिवाजावर बेतलेला असेल तर बारा जुलै. डीबगरच्या चौकटीत टाकले तर भाषेनुसार ०.५८३३३ अशी न संपणारी रांग लागते किंवा, पूर्णांकी भागाकाराची भाषा असेल तर, चक्क शून्य. खातेदाराचा आठ-अ इंग्रजी अक्षराने लिहून विन्डबग या डीबगरला विचारावा, तर त्याचा मूळ स्वभाव षोडशमानाचा असल्यामुळे तो सांगणार एकशे अडतीस. पोटहिश्शाला इंग्रजी ‘ई’ हे अक्षर आले, समजा पाच-ई-दोन, तर कोष्टक त्याचे पाचशे करून ठेवते, कारण शास्त्रीय लेखनात ‘ई’ म्हणजे दहाचा घात. हे आमच्याच मागासलेपणाचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. मानवी जनुकांना नावे देणाऱ्या जागतिक समितीला २०२० साली आपले नियम सुधारून जाहीर करावे लागले. कोष्टकाचे प्रोग्राम ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ या जनुकांच्या तारखा करीत होते, म्हणून त्यांची नावे ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्टिन१’ अशी करण्यात आली. यंत्राला शिस्त लावण्याऐवजी जनुकांचे पुन्हा बारसे करणे अधिक सोपे पडले. ही आपोआप होणारी रूपांतरे बंद ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ मध्ये.

आपल्या अंकांची कथा याहून विचित्र आहे. जावास्क्रिप्टला बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या मराठी रिवाजाने दाखव म्हटले, तर ती १२,३४,५६७ असे सुंदर देवनागरी अंक, लाखाच्या जागी स्वल्पविराम देऊन, काढून दाखविते. आणि लगेच तेच अक्षर तिच्यापुढे ठेवून वाच म्हटले तर ‘ही संख्याच नव्हे’ असे उत्तर देते. स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी ओळखायला नकार! पायथॉन उदार आहे. १२३ हे देवनागरी अंक कोणी बाहेरून पाठविले तर तो ते निमूटपणे एकशे तेवीस असे वाचतो, परंतु तेच अंक प्रोग्रामच्या ओळीत लिहिले तर अडून बसतो. मोठ्या संख्येत मध्ये खूण घालण्याची मुभा जावाने २०११ मध्ये, ‘सी प्लस प्लस’ने २०१४ मध्ये आणि पायथॉनने २०१६ मध्ये दिली, ती खूण कुठे घालावी याची सक्ती या भाषांत नाही, म्हणून आपण कोटी, लाख आणि हजारांवर ती खुशाल घालू शकतो. पण डीबगरच्या चौकटीत हीच संख्या एकतर सलग नऊ अंकांची माळ म्हणून येते किंवा, फार झाले तर, तीन-तीनच्या इंग्रजी गटांत. पुण्यात, हिंजवडीत आणि खराडीत, रात्रंदिवस लाखा-कोटींच्या व्यवहारांचे प्रोग्राम लिहिले जातात. ते लिहिणारी मुले पडद्यावर बोट ठेवून एकं-दहं-शतं मोजताना मी पाहिली आहेत. ज्या जुन्नरच्या नाणेघाटात सातवाहनांच्या दानाचे आकडे दोन हजार वर्षांपूर्वी कोरले गेले त्याच जिल्ह्यातली ही मुले.

जुनी मोडी-मराठी जमाखर्चाची लिपी तर यंत्राच्या दृष्टीने कोडेच. एकापुढे दोन उभ्या रेघा म्हणजे दीड. तीन म्हणजे पावणेदोन. आणि आण्यांच्या खुणा वेगळ्या. उभ्या रेघेला एक समजणारा वाचक दीड रुपयाचे एकशे अकरा करील, आणि तिला दंड समजणारा वाक्य संपले म्हणून पुढे जाईल. या अपूर्णांकांच्या खुणांना युनिकोडमध्ये २००९ साली स्वतःची घरे मिळाली आणि मोडी लिपीला २०१४ साली. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा (आमच्या गावाच्या नावातच गुंज असल्याने हे कोष्टक मला लहानपणी नाइलाजाने पाठ करावे लागले) हे मिश्रमान मात्र आजही कोणत्या डीबगरला समजत नाही, आणि समजावे अशी माझी मागणीही नाही.

अपूर्णांकांचा विषय निघालाच आहे, तर एक दशांश ही साधी संख्या द्विमानात पूर्ण लिहिता येत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. तिचा विस्तार, दशमानात एक तृतीयांशाचा होतो तसा, अनंत चालतो आणि कुठेतरी तोडावा लागतो. म्हणून एक दशांश आणि दोन दशांश मिळविले तर यंत्र तीन दशांश, त्यापुढे पंधरा शून्ये, आणि सतराव्या स्थानी चार असे उत्तर देते. हा क्षुल्लक चार पाहून विद्यार्थी हसतात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी धहरान येथे पॅट्रियट या क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेच्या घड्याळात एक दशांश सेकंदाची हीच तूट शंभर तास साचत जाऊन सुमारे ०.३४ सेकंदाची झाली, येणारे क्षेपणास्त्र हुकले, आणि अठ्ठावीस अमेरिकी सैनिक मेले. प्रोग्राममध्ये लिहिताना तो एक दशांशच होता.

या सर्वांत मला अत्यंत उद्‌बोधक वाटलेला प्रसंग मात्र जीडीबी या जुन्या आणि सन्मान्य डीबगरच्या माहितीपुस्तिकेतला आहे. या साधनाला आपण संख्या कोणत्या मानात वाचावी याचा हुकूम देता येतो. समजा तुम्ही त्याला षोडशमानावर नेऊन ठेवले, काम झाले, आणि आता पुन्हा दशमानावर आणायचे म्हणून हुकूम दिला, ‘मान: १०’. साधन हुकूम मानते. पण तुमचा हुकूमही ते चालू मानातच, म्हणजे षोडशमानात, वाचते, आणि षोडशमानात १० म्हणजे सोळा. म्हणून षोडशमान होते तसेच राहते. अष्टमानात हाच हुकूम दिला तर आठ. कोणत्याही मानात ‘१०’ म्हणजे ते मानच, हे गणित खरे आहे, पण परत येण्याची वाट पुसून टाकणारे आहे. आणि पुस्तिका गंभीरपणे सांगते की दहाच्या पुढे एक टिंब द्यावे, किंवा दहा हे दुसऱ्या मानाच्या खुणेसह लिहावे. उलट वर ज्या विन्डबगची मी थट्टा केली, त्याला नुसते १० विचारले तर तो दशमानातले १६ आणि षोडशमानातले १० अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी ठेवतो. वाचण्यात चूक झाली असली तरी ती उघड्यावर झाली. विचारणाऱ्याला ती त्याच ओळीत पकडता येते. एवढी सभ्यता सर्वांनी दाखविली तर माझे फारसे गाऱ्हाणे उरणार नाही.

माझ्या पुतण्याने याला जो आक्षेप घेतला तो योग्य होता आणि मी तो इथे नोंदवितो. त्याचे म्हणणे असे की डीबगरने स्मृतीत जे आहे ते दाखवावे. स्मृतीत आठ आहे, ०१० हे लेखन भाषांतराच्या वेळीच संपले, आणि संपलेल्या गोष्टीची साक्ष तो कशी देणार? तत्त्वतः हे निरुत्तर करणारे आहे. परंतु ज्या पडद्यावर त्याने मला आठ दाखविला, त्याच पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात मूळ ओळ उघडी होती, तीत ०१० होते, आणि प्रोग्राम नेमका कोणत्या ओळीवर थांबला आहे हे त्या साधनाला ठाऊक होते, कारण तीच ओळ त्याने पिवळी करून दाखविली होती. दोन्ही कागद एकाच टेबलावर असताना कारकुनाने ते एकमेकांशी ताडून पाहू नयेत, आणि विचारले तर आपला विभाग वेगळा म्हणून सांगावे, ही सबब आमच्या खात्यात कधी चालली नसती.

भाषा रचणारे या बाबतीत डीबगर रचणाऱ्यांच्या पुढे गेले आहेत. पायथॉनने २००८ साली आपल्या तिसऱ्या आवृत्तीत ०१० हे लेखनच बेकायदा ठरविले. अष्टमान हवे तर शून्यानंतर ‘ओ’ लिहा, नको असेल तर शून्य काढा, असे तो स्पष्ट बजावतो. जावास्क्रिप्टनेही २००९ मध्ये आपल्या कडक पद्धतीत हे लेखन नाकारले. आमच्या यादीच्या फायलीच्या डोक्यावर ती कडक पद्धत मागणारी एक ओळ असती तर दुपारीच उलगडा झाला असता. संदिग्ध लेखनाला उद्धटपणे नकार देणारे यंत्र मला गोड बोलून अंदाज करणाऱ्या यंत्रापेक्षा शतपटीने विश्वासार्ह वाटते.

म्हणून पुण्यात आणि इतरत्र अशी साधने घडविणाऱ्या, त्यांना पूरक जोडण्या लिहिणाऱ्या, आणि विशेषतः सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांच्याशी ज्यांच्या प्रोग्रामचा संबंध येतो अशा सर्व तरुण मंडळींना माझी विनंती आहे की संख्येच्या शेजारी आणखी दोन घरांची जागा काढावी: काय लिहिले होते, आणि ते कोणत्या मानाने वाचले. शेवटचे शून्य ज्याने लिहिले त्याला विचारल्याशिवाय गाळू नये. आणि ज्या संख्येची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, जसे गट क्रमांक, खाते क्रमांक, पिनकोड, ती मुळात संख्या म्हणून घेऊच नये. ते नाव आहे, आणि नावाची किंमत काढायची नसते.

आमच्या यादीतला गट क्रमांकाचा रकाना पुतण्याने त्याच रात्री, वीज दोनदा जाऊन आल्यावर, अंकांचा बदलून अक्षरांचा केला. ००८ आणि ०१० आता दोन वेगळ्या ओळींत आहेत, क्षेत्राचा रकाना फोडून एकर आणि गुंठे यांची दोन घरे केली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. आली नाही म्हणून तो मार्गासनीपर्यंत चालत गेला.